रोबोटिक चाल-पुनर्वसन
रोबोटिक चाल-पुनर्वसन ही पक्षाघाताने गमावलेली चालण्याची क्षमता परत मिळवण्यासाठी वापरली जाणारी, भौतिकोपचाराला पूरक अशी उपचारपद्धती आहे. तीत रुग्णाच्या कंबरेला व पायांना यांत्रिक बाह्यकंकाल बांधतात. त्यातील मोटारी सांध्यांना चालण्याच्या लयीत हालवतात. पावलांच्या वारंवार सरावाने मेंदूतील चेतामार्गांची पुनर्रचना होण्यास मदत होते.

स्वित्झर्लंडमध्ये विकसित झालेल्या लोकोमॅट यंत्रात रुग्णाचे वजन पट्ट्यांनी तोलून त्याला ट्रेडमिलवर चालवतात. जमिनीवर चालवणाऱ्या एक्सो यंत्राच्या पक्षाघातासाठीच्या वापरास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये मान्यता दिली.

भौतिकोपचाराच्या जोडीने यंत्रसाहाय्यित सराव केल्यास आधाराविना चालता येण्याची शक्यता वाढते. पहिल्या तीन महिन्यांत, तसेच मुळीच चालू न शकणाऱ्या रुग्णांना त्याचा अधिक लाभ होतो.

विदर्भात या विषयाला विशेष महत्त्व आहे. गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत २०११ ते २०१३ दरम्यानच्या मृत्यूंच्या अभ्यासात पक्षाघात हे सर्वांत मोठे कारण आढळले. ही यंत्रे महाग असल्याने यवतमाळसारख्या ग्रामीण जिल्ह्यातील रुग्णांसाठी घराजवळ लवकर सुरू झालेला नियमित भौतिकोपचार हाच पुनर्वसनाचा मुख्य आधार ठरतो.