रुग्णालय व घर यांच्यामध्यें

इ. स. १८५२ च्या फेब्रुवारींत डॉ. चार्ल्स वेस्ट यांनीं लंडनमध्यें ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथें अवघ्या १० खाटांचें बालरुग्णालय उघडलें. तें लोकांच्या वर्गणीवर चाले. दुखणें हटलें तरी अंगीं शक्ति येण्यास अवधि लागतो. आणि गरिबांचीं लेकरें तर कोंदट, दाटीच्या खोल्यांत परत जावयाचीं! त्यांस ठेवून घ्यावें तर दुसऱ्या रोग्यास खाट नाहीं. घरीं धाडावें तर केलेली शुश्रूषा वायां जावयाची. या पेंचांतून मार्ग म्हणून १८६९ सालीं शहराच्या उत्तरेस, हायगेटच्या टेंकडीवरील क्रॉमवेल हाउस या जुन्या वाड्यांत अशा मुलांसाठीं विश्रांतिगृह स्थापन झालें. बालक सशक्त होऊन स्वगृहीं पोहोंचेपर्यंत दयाधर्माचें कार्य पुरें झालें असें मानूं नये, हाच या वास्तूचा धडा होय.