हार्नेस, तान्ह्या बाळाच्या कार सीटचा

मोटारीतल्या शिशु-आसनात बाळाला आसनाच्या कवचाशी घट्ट धरून ठेवणारी पट्ट्यांची आणि बकलाची जुळणी म्हणजे हार्नेस. बोलताना सगळेच त्याला ‘बेल्ट’ म्हणतात आणि त्यातून घोटाळा होतो. आसन गाडीला बांधणारा बेल्ट (किंवा आयसोफिक्सचे आकडे) निराळा, बाळाला आसनाशी बांधणारा हार्नेस निराळा. दोन्हींपैकी एक जरी सैल राहिला तरी दुसऱ्याचा उपयोग उरत नाही.

आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा नाही, ही समजूत घरात खरी आणि धावत्या गाडीत खोटी. ताशी ५० किमी वेगाने जाणारी गाडी अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली तर आतल्या प्रत्येक वस्तूला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे वीसपट जोराचा हिसका बसतो. तेवढ्या क्षणापुरते ६ किलोचे बाळ धरून ठेवायला सुमारे १२० किलोचा भार पेलावा लागतो. कोणाच्याही हातांना ते जमत नाही. मोठ्या माणसाचा सीटबेल्ट आईसह बाळाला लावणे तर त्याहून वाईट, कारण पट्टा आणि आईचे शरीर यांच्यामध्ये बाळच चेपले जाते.

हार्नेसची निवड हा मुळात शरीररचनेचा प्रश्न आहे. धक्का शरीराच्या कोणत्या भागावर घ्यायचा, एवढेच ठरवायचे असते. नवजात बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या जवळपास पाव भाग असते, मान कोवळी असते, फासळ्या लवचीक असतात आणि त्यांच्याआडचे काळीज-फुप्फुस त्यामुळे उघड्यावर असल्यासारखेच. कंबरेच्या हाडांना मोठ्यांसारखी कड आलेली नसते. म्हणून कंबरपट्टा सहज वर सरकून पोटात रुततो. पोट, गळा आणि चेहरा सोडून खांदे आणि नितंब यांवर भार घेणारा हार्नेस चांगला. पुढचे सगळे प्रकार याच कसोटीवर पारखायचे.

पाचबिंदू हार्नेसमध्ये दोन पट्टे खांद्यांवरून, दोन कंबरेच्या बाजूंनी आणि एक मांड्यांमधून येतो. पाचही जण मधल्या बकलात भेटतात. मांड्यांमधला पट्टा दिसायला क्षुल्लक, पण बाळ खालून घसरून पट्ट्यांबाहेर जाऊ नये आणि कंबरेचे पट्टे पोटावर चढू नयेत हे काम त्याचे. वैमानिक आणि शर्यतीचे चालक याच धर्तीच्या पट्ट्यांनी बांधलेले असतात. आज विकत घ्यायचे असेल तर हाच प्रकार घ्यावा.

तीनबिंदू हार्नेसमध्ये कंबरेचे दोन पट्टे नसतात. खांद्यांवरचे दोन पट्टे थेट मांड्यांमधल्या बकलात येतात. दांडीला धरून उचलता येणाऱ्या, मागे तोंड असलेल्या जुन्या शिशु-आसनांत तो सर्रास असे. तिथे तो अगदीच टाकाऊ नव्हता. समोरून धडक बसते तेव्हा अशा आसनातले बाळ पाठीमागच्या कवचात दाबले जाते. डोके, मान आणि पाठ यांना एकत्र आधार मिळतो आणि पट्ट्यांवर भार कमी येतो. मात्र गाडी उलटली किंवा धडक बाजूने बसली की कंबर मोकळी राहते. म्हणून दोहोंत निवड असेल तेव्हा पाचबिंदूच.

ढालीचे दोन प्रकार अमेरिकेत १९८०-९०च्या दशकांत फार खपले. एकात खांद्यांचे पट्टे छातीपुढच्या टी-आकाराच्या प्लॅस्टिक तुकड्याला जोडलेले असत आणि तो तुकडा खालच्या बकलात खटकन बसे. दुसऱ्यात आकाशपाळण्यात बसल्यावर पुढ्यात दांडा येतो तशी गादी लावलेली चौकट डोक्यावरून खाली येई. एका हाताने लावता येतात, पट्ट्यांचा गुंता होत नाही, म्हणून आईबाप खूश. पण तान्ह्या बाळाला ही ढाल छातीऐवजी गळ्याशी किंवा हनुवटीशी येते, धडकेत चेहरा तिच्यावरच आपटतो, आणि ढाल मध्ये असल्याने पट्टे अंगाला घट्ट लागत नाहीत. सोय आणि सुरक्षा यांत सोयीची सरशी झाल्याचे हे चांगले उदाहरण. पुढे हे प्रकार बाजारातून गेले. जुन्या आसनात दिसले तर आसन वापरू नये. युरोपात अजून मिळणारी, पोटापुढे जाड गादी असलेली आसने मोठ्या, पुढे तोंड करून बसणाऱ्या मुलांसाठी आहेत. तान्ह्यांशी त्यांचा संबंध नाही.

मागे तोंड करून बसवण्याची कल्पना स्वीडनमधली. निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये व्होल्वोसाठी मोठ्यांचा तीनबिंदू सीटबेल्ट आणला. त्यानंतर बर्टिल आल्डमन यांनी जेमिनी यानातल्या अंतराळवीरांच्या पाठीला टेकणाऱ्या आसनांवरून १९६४ मध्ये मागे तोंडाच्या बालआसनाचा नमुना केला. अमेरिकेत बालआसनांचा पहिला राष्ट्रीय नियम १९७१ चा, पण धडक-चाचणीची सक्ती व्हायला १९८१ उजाडले. त्या मानकात बकल उघडायला ४० ते ६२ न्यूटन जोर लागावा असे ठरवले आहे. याहून हलके असेल तर मूल स्वतःच उघडते, जड असेल तर वाचवायला आलेल्या माणसाला उघडत नाही. युरोपात आर-४४ (१९८१) आणि नंतर आर-१२९ (२०१३) ही मानके आली. दुसऱ्यानुसार १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचे आहे.

उत्तम हार्नेसही चुकीचा लावला तर निरुपयोगी ठरतो, आणि घोळ बहुतेक वेळा इथेच होतो. मागे तोंड असताना खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्याच्या पातळीवरच्या किंवा तिच्याखालच्या खाचेतून यायला हवेत. पुढे तोंड असताना पातळीवरच्या किंवा वरच्या. हा नियम उलटा का, तर मागे तोंड असताना धडकेत बाळ पाठीवर वरच्या दिशेने सरकू पाहते आणि खालून आलेला पट्टा त्याला खाली धरतो. पट्टे पिळलेले नसावेत. गळ्याखालच्या हाडापाशी पट्टा चिमटीत पकडून पाहावा. चिमटीत घडी आली तर तो सैल आहे. छातीवरची क्लिप असेल तर ती काखेच्या रेषेत. क्लिपचे काम पट्टे खांद्यांवरून निसटू न देणे एवढेच; बाळाला बकल धरते. युरोपीय आसनांत ही क्लिप सहसा नसते, तेव्हा ती दिसली नाही म्हणून आसन कमअस्सल समजू नये.

आपल्याकडचा खास अडथळा दुपट्याचा. प्रसूतिगृहातून बाळ घरी येते ते दुपट्यात गुंडाळून, आणि गुंडाळलेल्या बाळाच्या मांड्यांमधून पट्टा जाऊच शकत नाही. आधी पाय मोकळे असलेले कपडे घालावेत, हार्नेस लावून घट्ट करावा, मग दुपटे वरून पांघरावे. अमेरिका-कॅनडात राहणाऱ्यांनी जाड जॅकेटच्या बाबतीत हेच करावे. जॅकेटची फुगवण धडकेत चेपते आणि घट्ट वाटलेला पट्टा सैल पडतो. आसन इतके उभे नको की झोपलेल्या बाळाची हनुवटी छातीवर टेकेल, श्वासमार्ग दबतो. आणि पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना मागे तोंडाचे आसन कधीही ठेवू नये.

भारतात मोटार वाहन (सुधारणा) कायदा, २०१९ च्या कलम १९४ ब नुसार १४ वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा बालआसन नसेल तर १,००० रुपये दंड आहे. हार्नेस कोणत्या प्रकारचा असावा याबद्दल हे कलम गप्प आहे. बालआसनांसाठी एआयएस-०७२ हे मानक आहे, ते युरोपच्या आर-४४ च्या धर्तीवर. खरेदी करताना खोक्यावरच्या बाळाचे हसू न बघता आसनाच्या मागच्या चिकटपट्टीवर यांपैकी एखाद्या मानकाचा उल्लेख शोधावा. दुचाकीवर नेल्या जाणाऱ्या चार वर्षांखालील मुलांसाठीही २०२२ च्या केंद्रीय अधिसूचनेने हार्नेस सांगितला आहे, पण तो मुलाला चालकाच्या अंगाशी बांधणारा पट्टा असतो. नाव एक, वस्तू दुसरी.

पाळणा घराण्यात तीन पिढ्या फिरतो, तसे कार सीटचे करू नये. प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ होते, पट्टे ब्लीचमध्ये किंवा वॉशिंग मशीनमध्ये धुतले तर धागे कमजोर होतात, आणि मोठ्या अपघातातून गेलेले आसन वरून धडधाकट दिसले तरी बाद असते. पट्टे ओल्या फडक्यानेच पुसावेत. कवचावर छापलेली मुदत संपली की आसन भंगारात देण्यापूर्वी हार्नेसचे पट्टे कात्रीने कापून टाकावेत, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या बाळाला त्यात बसवले जाणार नाही.