एप्सम सॉल्ट : नावापुरतेच मीठ

औषधाच्या दुकानात, रोपवाटिकेत आणि खतविक्रेत्याकडेही मिळणारे एप्सम सॉल्ट दिसायला बारीक खडीसाखरेसारखे असते. नावात ‘सॉल्ट’ असले तरी स्वयंपाकातील मीठ वा सैंधवाशी त्याचे नाते नाही. ती दोन्ही मुख्यतः सोडियम क्लोराईड. हे मॅग्नेशियम सल्फेट, चवीला चक्क कडू. इंग्लंडमधील एप्सम येथील झऱ्याचे पाणी १६१८च्या सुमारास तहानलेल्या गुरांनीही नाकारले, अशी आख्यायिका आहे. १६९५ मध्ये नेहेमाया ग्रू या इंग्रज वैद्याने या क्षारावर ग्रंथ लिहिला.

याच्या स्फटिकात मॅग्नेशियम सल्फेटच्या प्रत्येक एककासोबत पाण्याचे ७ रेणू बांधलेले असतात. त्यामुळे वजनाने निम्म्याहून अधिक, सुमारे ५१ टक्के, भाग पाणीच असते; मॅग्नेशियम जेमतेम १० टक्के आणि गंधक १३ टक्के. तापवून पाणी पूर्ण काढलेल्या भुकटीत मात्र मॅग्नेशियमचे प्रमाण दुप्पट होते. म्हणून एकाचे माप दुसऱ्याला लावू नये.

खरा उपयोग दिसतो तो कुंड्यांत. हरितद्रव्याच्या रेणूच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियम असते. ते कमी पडले की झाड जुन्या पानांतील साठा नव्या पानांकडे वळवते. परिणामी खालची पाने शिरांच्या मधोमध पिवळी पडतात, शिरा हिरव्याच राहतात. कापसावरील लाल्या विकृतीत याच्या फवारणीची शिफारस होते ती याच कमतरतेपोटी. घरच्या रोपांसाठी लिटरभर पाण्यात सुमारे ५ ग्रॅम पुरेसे. टोमॅटोचे बूड काळे पडल्यास मात्र हा उपाय उलटतो. तेथे उणीव कॅल्शियमची असते आणि जादा मॅग्नेशियम ते शोषण्यात अडथळा आणते.

दमलेले पाय या क्षाराच्या कोमट पाण्यात बुडवले की बरे वाटते, पण श्रेय बहुधा उबेचे. त्वचेतून पुरेसे मॅग्नेशियम शरीरात जाते, याला भक्कम पुरावा नाही. मधुमेहींनी पाय शेकण्याआधी डॉक्टरांना विचारावे. बधिर पायाला पाण्याचा चटका कळत नाही.

जुलाबासाठी ते पोटात घेण्याची प्रथा जुनी आहे. हा क्षार आतड्यात पाणी ओढून धरतो. निरोगी मूत्रपिंडे शोषले गेलेले मॅग्नेशियम बाहेर टाकतात. ती दुर्बळ असतील तर ते रक्तात साचते, स्नायू लुळे पडतात, रक्तदाब उतरतो आणि श्वासही थांबू शकतो. गरोदरपणातील झटक्यांवर, म्हणजे एक्लॅम्प्सियावर, हेच द्रव्य इंजेक्शनद्वारे जीव वाचवते. पण तेव्हा गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वसन आणि लघवीचे प्रमाण सतत तपासले जाते; उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवतात. खतासाठी विकले जाणारे एप्सम सॉल्ट तर औषधी शुद्धतेचे नसतेच. ते पोटात घेऊ नये.

कोरड्या हवेत उघडे राहिल्यास स्फटिकांतील पाणी उडून त्यांवर पांढरी भुकटी धरते. घट्ट झाकणाच्या बरणीत, नाव लिहून, मिठाच्या बरणीपासून दूर ठेवावे.