मत्स्यपेटीचे पाणी

दिवाळीच्या तोंडावर घराची झाडलोट निघते, तेव्हा दिवाणखान्यातील मत्स्यपेटीही तिच्यातून सुटत नाही. मासे बादलीत काढले जातात. हिरवट पाणी ओतून दिले जाते. तळाची वाळू चार पाण्यांनी धुतली जाते. गाळणीतील स्पंज नळाखाली धरून स्वच्छ पिळला जातो. पेटी आरशासारखी चकाकू लागते. पण आठवडा उलटतो न उलटतो तोच मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात आणि एकेक करून मरतात. पाणी निर्मळ, अन्न वेळेवर, आणि तरीही मृत्यू! या कोड्याचे उत्तर हाती येण्यास युरोपातील संशोधकांना जवळजवळ अर्धे शतक खर्चावे लागले.

१८४६ साली अ‍ॅना थिन या इंग्रज विदुषीने टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला आणले. समुद्र दूर आणि खारे पाणी मोजके. तेव्हा आहे तेच पाणी ताजे राखणे भाग होते. त्यासाठी तिची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ओतीत असे. हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळावा, हा त्यातील हेतू. पुढे बाईंनी पाण्यात समुद्रवनस्पती ठेवल्या आणि पाणी खेळविण्याचे काम पुष्कळसे हलके झाले.

त्याच सुमारास लंडनच्या औषधिविक्रेत्यांच्या संस्थेतील रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन गोड्या पाण्यावर प्रयोग करीत होता. १८४९ साली त्याने बारा गॅलनांच्या काचपात्रात वाळू, खडे आणि पाणी घालून दोन सुवर्णमत्स्य सोडले व व्हॅलिस्नेरिया ही फितीसारख्या पानांची पाणवनस्पती लावली. माशांनी सोडलेला कर्बवायू वनस्पतीने घ्यावा आणि प्रकाशात प्राणवायू परत द्यावा, अशी ही देवघेव होती. परंतु थोड्याच दिवसांत जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले आणि काचेवर बुळबुळीत थर चढला. वॉरिंग्टनने पात्र रिकामे करून धुतले नाही. त्याने त्यात पाच-सहा गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजलेला पाला व थर खाऊन टाकला आणि पाणी निवळले. १८५० साली त्याने हा वृत्तान्त केमिकल सोसायटीपुढे मांडला.

इंग्लंडात काचेवरील कर १८४५ सालीच उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, आणि दुसऱ्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याच्या ग्रंथाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसविला. घरोघर काचपेट्या आल्या. पण वनस्पती लावली म्हणजे पेटी आपली आपण चालेल, अशा समजुतीने हौशी लोक तिच्यात जीवांची दाटी करीत. परिणामी पाणी नासे, दुर्गंधी सुटे, आणि पेटी अडगळीत जाई. विल्यम अल्फर्ड लॉइड याने मात्र निराळी वाट धरली. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याने जे मत्स्यालय उभारले, तेथे दर्शनी टाक्यांहून कितीतरी मोठा अंधारा हौद तळाशी होता आणि पाणी दोहोंमधून सतत फिरत राही. पाणी टाकून देण्याऐवजी ते फिरते ठेवावे, हे त्याचे तत्त्व होते.

हे पाणी शुद्ध होते तरी कशाने, हे कळण्यास मत्स्यपेटीबाहेरचा प्रयोग उपयोगी पडला. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी सांडपाणी वाळूच्या थरातून हळूहळू झिरपत नेले. सुमारे वीस दिवस त्यातील अमोनिया जसाच्या तसा राहिला. मग त्याचे नायट्रेट होऊ लागले. क्लोरोफॉर्मची वाफ देताच ही क्रिया थांबली. अर्थात हे काम वाळूचे नसून वाळूवर वाढणाऱ्या सजीवांचे होते. १८९० साली विनोग्राड्स्की याने हे जंतू वेगळे काढून दाखविले. काही जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात, तर दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिले दोन्ही पदार्थ माशांना विषारी आहेत. तिसरा त्या मानाने पुष्कळच सौम्य.

येथे दिवाळीच्या मृत्यूचे कोडे सुटते. माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया रोज निर्माण होतो. तो पचविणारे जंतू वाळूला, काचेला आणि विशेषतः स्पंजाला चिकटून राहतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्यांना मारते. नव्या वस्तीस चार ते सहा आठवडे लागतात. तेवढ्या अवधीत मासे आपल्याच विषात सापडतात.

म्हणून जाणता मनुष्य पेटी एकदम रिकामी करीत नाही. आठवड्या-पंधरवड्याने तो एक चतुर्थांश पाणी रबरी नळीने तळाचा गाळ ओढीत काढतो, कारण साठत गेलेले नायट्रेट पाण्याबरोबरच बाहेर जाते. स्पंज तो त्या काढलेल्या पाण्यातच हलका पिळतो. समोरच्या काचेवरील शेवाळ खरवडतो, मागच्या काचेवरचे राहू देतो. नवे पाणी क्लोरीन घालवून, पेटीतील पाण्याइतक्याच उष्णतेचे झाल्यावर सावकाश ओततो. अन्न दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच टाकतो.

स्वयंपाकघरातील भांडे घासून लख्ख करावे, हे योग्यच आहे. मत्स्यपेटी मात्र भांड्यापेक्षा विरजणाला जवळची: थोडे जुने राखले, तरच नवे नीट लागते.