कॅमेरा एका कंपनीचा, लेन्स दुसऱ्याची: फोकस चुकत असेल तर आधी काय तपासायचं?

मामेबहिणीच्या साखरपुड्याचे फोटो मी काढले होते. लॅपटॉपवर मोठे करून बघताना मामी म्हणाली, "अरे, झुमके काय सुरेख आलेत! पण डोळे का असे?" तिचं बरोबर होतं. फोकसचा चौकोन मी डोळ्यावरच ठेवला होता, कॅमेऱ्याने बीपही दिली होती, तरी क्लोजअपमध्ये कान शार्प आणि डोळे पुसट. डीएसएलआर सेकंडहँड, लेन्स दुसऱ्या कंपनीची ५० एमएम. मी लेन्स विकायलाच काढली होती.

फोनवर फोटो काढणाऱ्यांना ही भानगड सहसा माहीत नसते. फोनमध्ये लेन्स आणि सेन्सर एकाच मॉड्यूलमध्ये जुळवून येतात, आणि सेन्सर लहान असल्याने पुढचं-मागचं बरंच काही शार्प येतं. एपीएस-सी सेन्सरवर ५० एमएम लेन्स एफ/२ ला ठेवून दीड मीटरवरून फोटो काढा, फोकसमध्ये येणारा पट्टा जेमतेम ७ सेंटिमीटरचा असतो. फोकस थोडा मागे सरकला की डोळे गेले.

मुळात डीएसएलआरमध्ये फोकस दोन रस्त्यांनी होतो. व्ह्यूफाइंडरमधून बघताना आरशाखालचा वेगळा फोकस सेन्सर अंतर मोजतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये आरसा वर जातो आणि बहुतेक बॉडी थेट मुख्य सेन्सरवरच्या चित्रावरून फोकस करतात. या फरकातच दोष सापडतो.

मी काय केलं सांगतो. कॅमेरा ट्रायपॉडवर, अॅपर्चर पूर्ण उघडं. समोर बारीक अक्षरांचा बिस्किटचा पुडा उभा केला आणि शेजारी तिरकी फूटपट्टी. दहा फोटो व्ह्यूफाइंडरमधून, दहा लाइव्ह व्ह्यूमधून, आणि प्रत्येक वेळी आधी हाताने फोकस पूर्ण बिघडवून. (हे विसरलात तर चाचणी फुकट, कारण लेन्स आधीच्याच जागी बसलेली असते.) लाइव्ह व्ह्यूचे दहाही फोटो शार्प. व्ह्यूफाइंडरचे मात्र जवळजवळ सगळे पुड्याच्या मागे. म्हणजे काच ठीक होती, जुळणी चुकली होती.

अशा वेळी मेन्यूत बघा. निकॉनमध्ये 'एएफ फाइन ट्यून', कॅननमध्ये 'एएफ मायक्रोअॅडजस्टमेंट'. दोन्हीकडे −२० ते +२० आकडे असतात. फोकस मागे जात असेल तर उणे, पुढे येत असेल तर अधिक. माझं काम −७ वर झालं. एक मेख आहे: कॅमेरा लेन्स ओळखतो तो तिच्या आयडीवरून, आणि काही थर्ड-पार्टी लेन्स दुसऱ्याच लेन्सचा आयडी सांगतात. तेव्हा लेन्स बदलली की सेटिंग पुन्हा तपासा.

निकॉन डी३५००, डी५६०० अशा स्वस्त बॉडीत हा पर्याय नाही. तिथे सिग्माचा यूएसबी डॉक किंवा टॅमरॉनचं टॅप-इन कन्सोल लागतं, तेही फक्त त्याला चालणाऱ्या लेन्सना. डॉकवर झूम लेन्सची जुळणी चार फोकल लेंग्थ आणि चार अंतरं अशी सोळा ठिकाणी करता येते. वेळखाऊ आहे, पण झूमसाठी मला हेच पटतं.

फोकस कधी पुढे, कधी मागे असा कसाही पडत असेल तर आकडे बदलून काही होणार नाही. माउंटवरचे सोनेरी कॉन्टॅक्ट कोरड्या मायक्रोफायबरने पुसा. खोडरबर मी वापरत नाही, कण आत पडतात. आणि फोकस अजिबातच होत नसेल तर? आधी लेन्सवरचं एएफ/एमएफ बटण बघा, हसू नका. मग लेन्समध्ये स्वतःची मोटर आहे का बघा, कारण वरच्या दोन निकॉन बॉडीत ती नसते.

मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे हा पुढे-मागेचा खेळ जवळपास संपतो. तिथे गडबड झालीच तर बऱ्याचदा बॉडी आणि लेन्सच्या संभाषणात होते. सोनीने २०११ मध्ये ई-माउंटची मूलभूत माहिती इतर कंपन्यांना खुली केली. कॅननच्या जुन्या ईएफ माउंटसाठी मात्र बाहेरच्या कंपन्यांना कॅमेऱ्याची भाषा स्वतःच उलगडावी लागली होती, म्हणून नवी बॉडी आली की जुनी लेन्स अडखळायची. बॉडीचं फर्मवेअर अपडेट करण्याआधी लेन्स कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलची सूचना वाचा. लेन्सला यूएसबी-सी पोर्ट असेल तर तिचं फर्मवेअर घरीच अपडेट होतं.

साखरपुड्याचे ते फोटो काही दुरुस्त झाले नाहीत. लग्नाला तीच लेन्स नेली, −७ वर.