मूळ संहिता आणि हरवलेलीं हत्यारें

मुंबईच्या पश्चिम उपनगरांत, कांदिवलीच्या खाडीकडील बाजूस चारकोप ही वसाहत आहे. १९८५ सालीं जागतिक बँकेच्या साहाय्यानें हातीं घेतलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पांत येथें तयार घरांऐवजीं मुख्यतः आंखलेले भूखंड देण्यांत आले. रस्ता, पाणी आणि गटार यांची सोय शासनानें करावी, भिंती ज्याच्या त्यानें उभाराव्या, असें त्या योजनेचें स्वरूप होतें. गवंडी, त्याची थापी आणि त्याचा ओळंबा मुंबईंत केव्हांहि मिळतो, हें त्यांत गृहीतच होतें. आणि तें खोटें ठरलें नाहीं.

संगणकाच्या जगांतहि असाच एक भूखंड विनामूल्य मिळतो. त्याचें नांव मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड. चारकोपांतील एखादा विद्यार्थी लिनक्सच्या यंत्रावर ती उतरवून घेतो, 'कॉन्फिगर' अशी आज्ञा देतो, आणि क्षणार्धांत उत्तर येतें कीं, स्वीकारण्याजोगा सी कंपायलर सांपडला नाहीं. पुष्कळदां तो बिचारा संहितेलाच दोष देतो व ती पुन्हां उतरवून घेतो. वस्तुतः संहिता निर्दोष असते. तिचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर करणारा कंपायलरच त्या यंत्रावर नसतो. भूखंड आहे, गवंडी नाहीं. असा प्रसंग कां यावा, याचें उत्तर इतिहासांत आहे.

प्रारंभीं ही उणीव फारशी संभवतच नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं कार्यान्वित झालेला टिफ्रॅक संगणक संस्थेच्याच अभियंत्यांनीं बांधला होता. हत्यारें आणि कारागीर एकाच घरचे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ पासून युनिक्स ही प्रणाली वाढली व १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनीं सी ही भाषा सिद्ध केली. पुढें युनिक्स जेथें जेथें गेली, तेथें सी कंपायलर तिच्यासमवेत गेला. १९७६ सालीं त्याच प्रयोगशाळेंत स्ट्युअर्ट फेल्डमन यांनीं 'मेक' निर्माण केलें. त्यांचा एक सहकारी सकाळभर एका प्रोग्रॅममधील चूक शोधीत बसला होता. चूक दुरुस्त झालेली होती, परंतु दुरुस्त मजकुराचें पुन्हां रूपांतर करावयाचें राहून गेलें होतें. कोणता भाग बदलला आणि कोणता पुन्हां घडवावयाचा, हें माणसाच्या स्मरणावर सोडूं नये, एवढ्यासाठीं हें हत्यार जन्मास आलें.

रिचर्ड स्टॉलमन यांनीं २७ सप्टेंबर १९८३ रोजीं 'ग्नू' या मुक्त प्रणालीची घोषणा केली आणि १९८७ मध्यें त्यांचा जीसीसी हा कंपायलर प्रसिद्ध झाला. जून १९९१ मध्यें निघालेली त्यांच्या परवान्याची दुसरी आवृत्ति लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. तयार प्रोग्रॅम वांटणारानें मूळ संहिता द्यावी, ती घडविण्याच्या सूचनांसह द्यावी, असा तींत दंडक आहे. तथापि प्रणालीच्या मुख्य अंगांबरोबर जें सामान्यतः मिळतें, तें देण्याची सक्ति नाहीं. आणि अशा अंगांचें पहिलें उदाहरण म्हणून तेथें कंपायलरचेंच नांव घातलें आहे. त्या काळीं हें रास्तच होतें.

परंतु पुढच्याच वर्षीं सन कंपनीनें आपल्या सोलारिस २ प्रणालींतून कंपायलर काढला व तो निराळें मूल्य घेऊन विकावयास आरंभ केला. परवान्यानें गृहीत धरलेला गवंडी असा गांव सोडून गेला. अनेकजण जीसीसीकडे वळले. पण जीसीसीहि मूळ संहिताच! ती घडवावयाची तर आधीं कंपायलर हवा. कोंबडी आधीं कीं अंडें आधीं, हा वाद येथें विनोदाचा राहिला नाहीं. दुसऱ्या कोणी घडविलेली तयार प्रत मिळविणें, एवढाच मार्ग बहुतेकांस उरे.

लिनुस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ मध्यें लिनक्स रचलें तें मिनिक्स प्रणालीवर, जीसीसीच्याच साहाय्यानें. पहिलीं कांहीं वर्षें लिनक्स वापरणारा बहुधा तें स्वतःच घडवी, म्हणून कंपायलर त्याच्यापाशीं असेच. पुढें पत्रें लिहिणारा, हिशेब ठेवणारा सामान्य गृहस्थ लिनक्सकडे आला. त्याला हत्यारें नकोत. आणि २००४ सालीं आलेल्या उबुंटूला तर एकाच तबकडींत मावावयाचें होतें. अशा प्रणालींतून हत्यारांचा संपूर्ण संच हळूहळू गळाला. तो निर्णय अवाजवी म्हणतां येत नाहीं. मात्र मुंबईंत १५ ऑगस्ट १९९५ पासून सामान्य जनतेस मिळालेलें इंटरनेट दूरध्वनीच्या तारेवरून येई. त्या तारेवर अवलंबून असणाऱ्यास तबकडींत नसलेलें हत्यार आणणें हा द्रव्याचा आणि धीराचाहि प्रश्न होता.

आतां उपाय सोपा आहे. डेबियन व उबुंटूवर 'बिल्ड-एसेन्शियल' या एका नांवाखालीं जीसीसी, जी-प्लस-प्लस, मेक आणि सी भाषेच्या मूळ लायब्ररीच्या हेडर फाइली एकत्र मिळतात. यांतील शेवटचा घटक फसवा आहे. कंपायलर आहे पण त्या लायब्ररीचें हें पॅकेज नाहीं, असें झालें कीं, कंपायलर चालण्याजोगी फाइल निर्माण करूं शकत नाहीं असा संदेश येतो, आणि दोष कंपायलरचा वाटतो. 'कॉन्फिग डॉट लॉग' ही नोंदवही उघडून पाहिली तर खरें कारण तींत लिहिलेलें असतें. ती उघडणारे थोडे. इतर लायब्रऱ्यांचेंहि असेंच आहे. झेडलिब यंत्रावर आधींच असते, तरी तिच्या आधारानें नवें कांहीं घडवावयाचें तर 'डेव्ह' शेपटाचें निराळें पॅकेज घ्यावें लागतें. फेडोरावर तेंच शेपूट 'डेव्हेल' होतें. जो प्रोग्रॅम घडवावयाचा, तो डेबियनच्या भांडारांत आधींच असेल, आणि यादींतील मूळ संहितेची ओळ चालू ठेवलेली असेल, तर 'बिल्ड-डेप' ही एकच आज्ञा त्याला लागणारीं सारीं हत्यारें एकदम आणून देते.