बचाव चकती, संगणकाची

बिघडलेल्या संगणकातील कार्यकारी प्रणालीची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची, मदत न घेता तो संगणक सुरू करता यावा, त्यातील माहिती वाचविता यावी आणि दोष दुरुस्त करता यावा, यासाठी आगाऊ तयार करून ठेवलेल्या स्वतंत्र साठवण माध्यमास बचाव चकती म्हणतात. व्यवहारात रेस्क्यू डिस्क, बूट डिस्क, आणीबाणीची चकती ही नावेही रूढ आहेत. छिद्रित कागदी फीत, फ्लॉपी, सीडी, पेन ड्राइव्ह अशी या माध्यमाची रूपे कालमानाने बदलत गेली. नाव मात्र चकतीचेच राहिले. प्रक्रियक, स्मृती, वीजपुरवठा इत्यादींतील भौतिक दोष या चकतीने दूर होत नाहीत. त्यांच्या निदानापुरताच तिचा उपयोग होतो. कार्यकारी प्रणालीच्या फाइली नष्ट होणे, हार्ड डिस्कवरील विभागांची नोंद बिघडणे, विषाणूची बाधा होणे किंवा सदोष आज्ञावलीमुळे संगणक सुरू होताच बंद पडणे, हे तिचे खरे कार्यक्षेत्र होय.

तत्त्व : वीजप्रवाह सुरू होताच संगणकाची मुख्य स्मृती रिकामी असते. तिच्यात आज्ञावली आणण्यासाठी आज्ञावलीच लागते. या पेचातून सुटण्यासाठी एक अगदी लहान आज्ञावली यंत्रात कायमची ठेवतात. ती आपल्याहून मोठी आज्ञावली बाहेरून वाचून घेते व नंतर तिच्याकडे नियंत्रण सोपविते. स्वतःच्या बुटांच्या पट्ट्या ओढून स्वतःलाच वर उचलणे या अर्थाच्या इंग्रजी वाक्प्रचारावरून या क्रियेस ‘बूट करणे’ हे नाव पडले. ही पहिली आज्ञावली दुसरी आज्ञावली कोठून वाचते, हा मुद्दा निर्णायक ठरतो. ती नेहमीच्या बिघडलेल्या साठवणीऐवजी दुसऱ्या निर्दोष साठवणीकडे वळविता आली, तरच बचाव शक्य होतो. बचाव चकतीचा इतिहास हा मुख्यतः या वळणाच्या वाटेचा आणि तिच्यावर कोणाचा ताबा असावा या प्रश्नाचा इतिहास आहे.

प्रारंभीचा काळ : केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या एडसॅक या संगणकाने ६ मे १९४९ रोजी पहिली आज्ञावली चालविली. डेव्हिड व्हीलर यांनी रचलेल्या ३१ ‘प्रारंभिक आज्ञा’ त्यात दूरध्वनी केंद्रातील फिरत्या निवडयंत्रांवर तारांनी पक्क्या जोडलेल्या होत्या. कळ दाबताच त्या स्मृतीत उतरत व कागदी फितीवरील आज्ञावली वाचू लागत. आयबीएम कंपनीने १९५२ मध्ये जाहीर केलेल्या ७०१ या संगणकावर ‘लोड’ हे बटण होते. छिद्रपत्र, चुंबकीय फीत किंवा चुंबकीय दंडगोल यांपैकी कशावरून पहिला शब्द वाचावयाचा, हे चालक एका निवड-स्विचने ठरवीत असे. याच कंपनीच्या सिस्टिम/३६० मालिकेत (१९६४) चालक तीन तबकड्या फिरवून साधनाचा क्रमांक देई. त्या साधनावरील पहिले २४ बाइट स्मृतीच्या आरंभी येऊन पुढील काम चालू होई.

या यंत्रांत कार्यकारी प्रणाली बाहेरूनच आणली जात असल्याने ‘नेहमीचे’ व ‘बचावाचे’ माध्यम असा भेद फारसा नव्हता. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या पीडीपी-८ (१९६५) या लहान संगणकात तो अंधुकपणे दिसतो. त्याच्या चुंबकीय गाभ्यांच्या स्मृतीतील मजकूर वीज बंद झाल्यावरही टिकत असल्यामुळे फीत वाचणारी छोटी आरंभक आज्ञावली तेथे कायम राही. एखाद्या चुकीच्या आज्ञावलीने ती पुसली गेली, तर चालकास तिचे सोळाच्या आसपास असलेले शब्द दर्शनी फलकावरील स्विचांनी एकेक करून पुन्हा भरावे लागत. येथे बचावाचे माध्यम म्हणजे चालकाची बोटे व भिंतीवर लावलेला आज्ञांचा तक्ता एवढेच होते.

फ्लॉपीचा जन्मही याच गरजेतून झाला. मोठ्या संगणकांच्या नियंत्रक भागांत सूक्ष्म आज्ञा भरण्यासाठी स्वस्त व टपालाने पाठविता येण्याजोगे माध्यम आयबीएमला हवे होते. डेव्हिड नोबल व त्यांचे सहकारी यांनी कॅलिफोर्नियातील सॅन होसे येथे विकसित केलेली ८ इंची चकती १९७१ मध्ये बाजारात आली. सुमारे ८० किलोबाइट धारणेची ही चकती त्या यंत्रांत केवळ वाचता येई. लिहिता येत नसे. म्हणजेच साठवणीचे माध्यम होण्यापूर्वी फ्लॉपी ही संगणकास जागे करण्याचे माध्यम होती.

वैयक्तिक संगणक व फ्लॉपी : आयबीएमचा वैयक्तिक संगणक १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झाला. त्यातील केवल-वाचन स्मृतीत बायोस ही आज्ञावली होती. ती यंत्राची तपासणी करून फ्लॉपीवरील पहिला ५१२ बाइटांचा खंड स्मृतीत आणी व त्याच्याकडे नियंत्रण सोपवी. मार्च १९८३ मध्ये आलेल्या एक्सटी या प्रतिरूपात १० मेगाबाइट धारणेची हार्ड डिस्क बसविलेली होती आणि कार्यकारी प्रणाली प्रथमच सामान्य वापरणाऱ्याच्या यंत्रात आत राहू लागली. बायोस मात्र आधी फ्लॉपी व ती नसल्यास हार्ड डिस्क असाच क्रम पाळीत असे. या साध्या क्रमामुळे कोणतीही परवानगी वा संकेतशब्द न देता बाहेरील चकतीस अग्रहक्क मिळाला, आणि बचाव चकती ही स्वतंत्र वस्तू ठरली.

एमएस-डॉस प्रणालीत अशी चकती करणे सोपे होते. ‘फॉरमॅट’ ही आज्ञा ‘एस’ या पर्यायासह दिली की, कोऱ्या फ्लॉपीवर आरंभक खंड, प्रणालीच्या दोन अदृश्य फाइली व आज्ञा स्वीकारणारी ‘कमांड डॉट कॉम’ ही फाइल उतरत असे. त्याबरोबर विभागणी, तपासणी व प्रणाली-प्रतिस्थापन करणाऱ्या आज्ञावली ठेवल्या की चकती पूर्ण होई. पीटर नॉर्टन यांनी १९८२ मध्ये पुसलेली फाइल परत मिळविणारी आज्ञावली विक्रीस आणली, तेव्हापासून अशा चकतीवरील साधनांचा स्वतंत्र व्यवसायही वाढीस लागला.

विषाणूंचा काळ : ज्या वाटेने मदत येई, त्याच वाटेने उपद्रवही येऊ लागला. लाहोर येथे लिहिला गेलेला ‘ब्रेन’ (१९८६) हा विषाणू फ्लॉपीच्या आरंभक खंडात घर करीत असे. १९९० मध्ये भारतात प्रथम आढळलेला ‘जोशी’ हा विषाणू फ्लॉपीचा आरंभक खंड व हार्ड डिस्कचा विभाग-खंड या दोहोंस बाधित करी. ५ जानेवारी रोजी तो संगणक अडवून ‘हॅपी बर्थडे जोशी’ ही अक्षरे टंकित करण्यास सांगे व ती टंकित केल्यावरच यंत्र मोकळे करी. तीन कळा एकदम दाबून संगणक पुन्हा सुरू केला, तरी तो स्मृतीत टिकून राही. त्यामुळे वीज पूर्णपणे बंद करून निर्दोष चकतीवरूनच संगणक सुरू करावा, हा नियम या काळात दृढ झाला.

चकती निर्दोष राहण्याची हमी तिच्या रचनेतच होती. ५·२५ इंची फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकली किंवा ३·५ इंची फ्लॉपीची खिट्टी सरकवून छिद्र उघडे केले की, चालक यंत्रणा लेखनच नाकारी. कोणत्याही आज्ञावलीस हा अडथळा ओलांडता येत नसे. पुण्यात संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातून १९९० च्या दशकात पुढे आलेल्या क्विक हील या विषाणुरोधक आज्ञावलीच्या निर्मात्यांनीही आपल्या उत्पादनात आणीबाणीची चकती तयार करण्याची सोय ठेवली.

बचावाची क्रियाही कधीकधी घातक ठरे. ‘मंकी’ हा विषाणू विभागांची मूळ नोंद सांकेतिक रूपात दुसरीकडे हलवी व विचारल्यास स्वतःच ती उलगडून दाखवी. निर्दोष फ्लॉपीवरून संगणक सुरू केला की, विषाणू निष्क्रिय होई, पण हार्ड डिस्कही दिसेनाशी होई. अशा वेळी आरंभक खंड घाईने नव्याने लिहिल्यास विषाणूबरोबर माहितीची वाटही नष्ट होत असे. आधी माहितीची प्रत घ्यावी व मग दुरुस्तीस हात घालावा, हा या कामातील पहिला दंडक अशा अनुभवांतून रूढ झाला.

सीडी व लिनक्स : कार्यकारी प्रणाली वाढत गेल्या, तशी १·४४ मेगाबाइटची फ्लॉपी अपुरी पडू लागली. विंडोज ९५ च्या आरंभक फ्लॉपीत सीडी वाचण्याची सोयच नव्हती. त्यामुळे प्रणालीची सीडी हाती असूनही अनेकांना ती वापरता येत नसे. विंडोज ९८ च्या फ्लॉपीत ही उणीव दूर झाली. विंडोज एनटीच्या ‘आणीबाणी दुरुस्ती चकती’वर संगणक सुरूच होत नसे, प्रतिस्थापनाच्या तीन फ्लॉपी चालविल्यानंतर ती मागितली जाई.

थेट सीडीवरून संगणक सुरू करण्याची पद्धत फिनिक्स व आयबीएम या कंपन्यांनी जानेवारी १९९५ मध्ये निश्चित केली. तिचे ‘एल टोरिटो’ हे नाव कॅलिफोर्नियातील एका उपाहारगृहावरून घेतलेले आहे. या पद्धतीत सीडीवरील एक भाग बायोसला फ्लॉपी म्हणून दाखविता येत असल्याने जुन्या यंत्रणेत फारसा बदल करावा लागला नाही.

लिनक्स ही मुक्त प्रणाली या क्षेत्रात विशेष उपयुक्त ठरली. तिच्या प्रती वाटण्यास परवान्याची आडकाठी नव्हती. टॉम ओह्झर यांनी एकाच फ्लॉपीवर नेहमीपेक्षा अधिक, १·७२ मेगाबाइट, मजकूर बसवून बचावासाठी संपूर्ण लिनक्स दिली. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी २००० मध्ये प्रसृत केलेल्या ‘नॉपिक्स’मध्ये सुमारे २ गिगाबाइट आज्ञावल्या दाबून ७०० मेगाबाइटच्या सीडीत बसविल्या होत्या. हार्ड डिस्कला स्पर्शही न करता चित्रमय पडदा, जालजोडणी व माहिती-प्रतिलिपीची साधने यामुळे उपलब्ध झाली. मायक्रोसॉफ्टने विंडोज पीई ही लहान प्रणाली २००२ मध्ये तयार केली. मात्र प्रारंभी ती यंत्रनिर्माते व मोठे ग्राहक यांनाच मिळत असे. ही उणीव नेदरलँड्समधील बार्ट लाखरवे यांच्या ‘बार्टपीई’ने भरून काढली.

पेन ड्राइव्ह व यूईएफआय : पेन ड्राइव्ह २००० पासून बाजारात आले व पुढील दशकात त्यांनी सीडीची जागा घेतली. येथे चकती करण्याची रीत बदलली. आयएसओ या प्रकारची प्रतिमा-फाइल नेहमीप्रमाणे पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्याने सामान्यतः संगणक सुरू होत नाही. ती प्रतिमा खंडाखंडाने लिहावी लागते किंवा रूफससारख्या आज्ञावलीकडून आरंभक खंडासह मांडून घ्यावी लागते. २००५ मध्ये स्थापन झालेल्या मंचाने पुरस्कारलेल्या यूईएफआय या बायोसच्या उत्तराधिकारी व्यवस्थेत पहिल्या खंडाऐवजी फॅट पद्धतीच्या विभागातील ठराविक नावाची फाइल शोधली जाते. फॅट३२ पद्धतीत एका फाइलीस ४ गिगाबाइटची मर्यादा असल्याने मोठ्या प्रतिमा तीत जशाच्या तशा मावत नाहीत. विंडोज ७ पासून (२००९) हार्ड डिस्कवरच बचाव विभाग राखण्याची प्रथा पडली. ती सोयीची असली, तरी चकतीच निकामी झाल्यास बचावाचे साधनही तिच्याबरोबर जाते.

सुरक्षा व बचाव यांतील द्वंद्व : कोणासही बाहेरील चकतीवरून संगणक सुरू करता येतो, याचा अर्थ चोरासही तो करता येतो. या धोक्यावर दोन उपाय योजले गेले. मान्य अंकीय स्वाक्षरी असलेलीच आरंभक आज्ञावली चालू देणारी ‘सिक्युअर बूट’ व्यवस्था २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सर्वत्र पसरली. लिनक्सच्या चकत्यांसाठी त्याच वर्षी मॅथ्यू गॅरेट यांनी मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी घेता येईल अशी ‘शिम’ ही दुवा-आज्ञावली तयार केली. विंडोज ८ च्या प्रमाणनासाठी सामान्य संगणकांत ही व्यवस्था बंद करण्याची सोय अनिवार्य होती. विंडोज १० च्या वेळी (२०१५) ती निर्मात्याच्या मर्जीवर सोपविण्यात आली. दुसरा उपाय संपूर्ण साठवण कूटबद्ध करण्याचा होय. बिटलॉकर पद्धतीत ४८ अंकी पुनःप्राप्ती किल्ली नसेल, तर बचाव चकतीवरून संगणक सुरू झाला तरी आतील मजकूर निरर्थक अक्षरांसारखा असतो. ॲपलच्या २०२० पासूनच्या स्वतःच्या प्रक्रियकांवरील संगणकांत अंतर्गत साठवण पूर्णपणे निकामी झाल्यास बाहेरील चकतीवरूनही यंत्र सुरू होत नाही.

या द्वंद्वाचा प्रत्यय १९ जुलै २०२४ रोजी आला. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा आज्ञावलीच्या एका सदोष फाइलीमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक सुरू होताच कोलमडू लागले. भारतासह अनेक देशांत विमानसेवा विस्कळीत झाली व काही विमानतळांवर प्रवेशपत्रे हाताने लिहावी लागली. सदोष फाइल सुमारे ७८ मिनिटांत मागे घेण्यात आली; परंतु कोलमडलेले बहुतेक संगणक ही दुरुस्ती जालावरून घेण्याइतका वेळ चालूच राहत नव्हते. परिणामी तंत्रज्ञांना एकेका यंत्रापाशी जाऊन ते सुरक्षित अवस्थेत किंवा बचाव प्रणालीतून सुरू करावे लागले व ती फाइल पुसावी लागली. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी पेन ड्राइव्हवर घेण्याचे साधनही प्रसृत केले. मात्र बिटलॉकरच्या किल्ल्यांची नोंद ठेवणारे संगणकच जेथे बंद पडले होते, तेथे चकती हाती असूनही काम अडले.

तयारी व उपयोग : बचाव चकती संगणक सुस्थितीत असतानाच करावी लागते, बिघाडानंतर ती करावयाची झाल्यास दुसरा निर्दोष संगणक मिळवावा लागतो. तयार चकतीवरून संगणक एकदा प्रत्यक्ष सुरू करून पाहणे, यूईएफआयमधील प्राधान्यक्रम बदलण्याची कळ माहीत असणे आणि पुनःप्राप्ती किल्ली कागदावर लिहून संगणकापासून वेगळी ठेवणे, ही तयारीची आवश्यक अंगे होत. प्रत्यक्ष बिघाडाच्या वेळी प्रथम माहितीची प्रत दुसऱ्या साठवणीवर घेतात. चकती भौतिकदृष्ट्या खराब होत असल्यास ती वारंवार न वाचता ‘डीडीरेस्क्यू’सारख्या साधनाने एकवार पूर्ण प्रतिमा घेऊन पुढील काम त्या प्रतिमेवर करतात. त्यानंतर विभागांची नोंद, फाइल-व्यवस्था व आरंभक आज्ञावली या क्रमाने तपासणी होते. प्रणाली पुन्हा बसविता येते. एकमेव प्रत असलेली छायाचित्रे, हिशेब वा हस्तलिखिते पुन्हा मिळत नाहीत. म्हणून नियमित प्रतिलिपी ठेवण्यास बचाव चकती हा पर्याय नसून ती तिची पूरक होय.